क्रॉसिंगच्या नाकाचं घर

मिस्त्री,

तुम्ही गेलात त्याला बारा वर्षं झाली. बारा वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, आणि लिहिली असती तरी तुम्ही वाचली नसतीत. तुम्हाला उर्दू यायचं, मराठी तुम्ही पाट्यांपुरतं वाचायचात. माझं लिहिणंही चौथीपर्यंतचंच, तेव्हा चुकलंमाकलं तसंच राहू दे. लांबण लावत नाही, सरळ सांगते. माझ्या हातून कामात चूक झाली आणि तिच्यापायी दुसऱ्याच माणसाला गेट बंद झालंय. आपल्या फाउंड्रीतला मोल्डर, वाळूचे साचे ठोकणारा, खर्ड्याकडचा, तुमच्या वेळी नव्हता तो. आज रविवार. उद्या त्याला कायमचा काढल्याचा कागद निघणार. तो निघायच्या आत मी लेखी दिलं तर दिलं, नाहीतर तो गेला. आता दुपार झालीय, बोल्हेगावातल्या माझ्या खोलीत पत्रा तापून भट्टी झालीय, शेजारणीचा टीव्ही भिंतीतून ऐकू येतोय, आणि मी वही उघडून बसलेय.

तुम्ही होतात तेव्हा आपण क्रॉसिंग अख्खं एका तुकड्यात ओतायचो. एक रूळ दुसऱ्याला कापून जातो तिथलं ते जड धूड, मॅंगनीजच्या पोलादाचं. चाक मधल्या फटीवरून उडी मारतं आणि बरोबर त्या टोकावर आदळतं, ज्याला सगळे नाक म्हणतात. बाकी अंग ठणठणीत असायचं, पण नाक झिजलं, फुटलं, की सगळं धूड रुळातून उपटून भंगारात. तशी परत आलेली चार-पाच आपल्या यार्डात बाभळीखाली पडलेली असायची. जेवणाच्या सुट्टीत तुम्ही त्यांच्यावर बसून विडी ओढायचात आणि म्हणायचात, "एवढ्याशा नाकासाठी अख्खा माणूस पुरला बघ." मी हसायचे. तेव्हा मी पॅटर्न शॉपमध्ये भुसा झाडायला होते. नवऱ्याने टाकलेली, पारनेरकडून आलेली, तोंडाने फटकळ. तुम्ही मला झाडूवरून बाकावर आणलंत, ते कशावरून हे मला अजून कळलेलं नाही. एकदा तुम्ही शुक्रवारच्या नमाजाला गेला होतात आणि मी तुमच्या पटाश्या पुसून रुंदीच्या क्रमाने लावून ठेवल्या. परत आल्यावर तुम्ही त्या बघितल्या, मला बघितलं, आणि म्हणालात, "उद्यापासून झाडू दुसरी मारेल." बस, एवढंच. बाकीच्यांना राग आला. बाईच्या हातात रंधा, काय दिवस आले, असं म्हणणारे आता रिटायर होऊन नातवंडं खेळवतायत.

पहिली गोष्ट तुम्ही शिकवलीत ती श्रिंकेजच्या पट्टीची. वितळलेलं पोलाद गार होताना आक्रसतं, म्हणून लाकडी पॅटर्न, ज्यावरून वाळूत साचा उठवतात तो, मूळ मापापेक्षा जरा मोठा करायचा. किती मोठा, ते दर धातूचं निराळं. साधं पोलाद कमी आक्रसतं, मॅंगनीजचं जास्त. दर वेळी हिशेब नको म्हणून पट्टीच तशी मिळते, तिच्यावरचा सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरपेक्षा थोडा लांब असतो. ड्रॉइंगवर चाळीस लिहिलंय तर त्या पट्टीवरचे चाळीस घ्यायचे, वाढ आपोआप धरली जाते. पट्ट्यांवरची इंग्रजी अक्षरं मला वाचता येत नव्हती म्हणून तुम्ही कानशीने खुणा केल्यात. साध्या पोलादाच्या पट्टीला एक खूण, मॅंगनीजच्या पट्टीला दोन. "बोटाने बघायचं, डोळ्याने नाही," असं म्हणालात. मी पंचवीस वर्षं बोटानेच बघत आले.

दोन वर्षांपूर्वी मोठ्या साहेबांचा मुलगा कारभार बघायला लागला. त्याला आम्ही धाकटे साहेब म्हणतो. शिकलेला आहे, पण शॉपमध्ये येतो, खाली बसतो, विचारतो. त्याने ठरवलं, नाक वेगळं करायचं. खालचं अंग साध्या पोलादाचं, त्यात नाकासाठी एक घर, आणि त्या घरात मॅंगनीजचं नाक चार बोल्टांनी बसवायचं. झिजलं की बोल्ट काढा, नवं नाक घाला, बाकी क्रॉसिंग रुळात जागेवर. ड्रॉइंग घेऊन तो माझ्या बाकाशी आला. "मावशी, ह्याचा पॅटर्न होईल?" मी बघितलं. घराच्या भिंती सरळ उभ्या, डब्यासारख्या.

मी म्हटलं, "पॅटर्न होईल. नाक टिकणार नाही."

"चार बोल्ट आहेत मावशी. चांगले जाड."

"असू द्या की जाड. मार बोल्टाने का खायचा? आमच्या दादांचा लाकडी नांगर होता. त्याचा फाळ खिळ्यावर नव्हता, खोबणीत पाचरीसारखा बसायचा. जमीन जेवढी ढकलील तेवढा तो घट्ट. झिजला की उलटा ठोकायचा, निघाला, नवा घातला. नांगर तोच."

त्याने ड्रॉइंग गुंडाळलं आणि निघून गेला. मला वाटलं, झालं, बाईने शहाणपणा केला म्हणून आता राग धरणार. तिसऱ्या दिवशी नवं ड्रॉइंग आलं, घराच्या भिंती तिरप्या, वर रुंद खाली अरुंद. चाकाचा भार आला की नाक आणखी आत रुतणार आणि बोल्ट नुसते राखणीला. मीटिंगमध्ये त्याने सगळ्यांसमोर सांगितलं, ही कल्पना मावशींची. सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले. मला बसायला खुर्ची दिली होती, मिस्त्री. चहा कपबशीत. मी त्या दिवशी घरी येऊन आरशात बघितलं, खोटं कशाला बोलू.

मग मी कामाला लागले. नाकाचा पॅटर्न केला, तो बरोबर झाला. मग घराचं काम. घराची पोकळी यायला साच्यात वाळूचा ठोकळा बसवतात, कोर, आणि तो कोर ठोकायची लाकडी पेटी, कोरबॉक्स, ती मी केली. सागवानाची, आतून पॉलिश अशी की बोट घसरावं. एवढं देखणं काम मी आयुष्यात केलं नव्हतं. पण घर हे खालच्या अंगात, आणि अंग साध्या पोलादाचं. पट्टी एका खुणेची घ्यायला हवी होती. मी दोन खुणांची घेतली. आधीचं नाक त्याच पट्टीवर केलं होतं, ती बाकावरच पडलेली होती, आणि क्रॉसिंग म्हटलं की पंचवीस वर्षं माझा हात त्याच पट्टीकडे जातो. बोटाने खूण बघायचं मला सुचलंच नाही. आपलं नाव झालेल्या कामात माणूस पट्टी तपासतो का? तो कामाकडेच बघत बसतो. घर दोन मिलिमीटरने मोठं आलं. भिंती सरळ असत्या तर बोल्टांनी कसंबसं निभावलं असतं. पण पाचर धरायची तर माप नेमकं लागतं. भिंतींनी पकडायच्या आधीच नाक तळाला टेकलं, पाचर लागलीच नाही, आणि सगळा मार आला बोल्टांवर. म्हणजे माझी हुशारी आणि माझी चूक दोन्ही एकाच जागी येऊन बसल्या.

पहिला नग एका कारखान्याच्या सायडिंगला टाकला, जिथे मालगाडीचे डबे हळू चालतात. सहा आठवडे बरं चाललं. मग एका सकाळी एक बोल्ट तुटला, मागोमाग दुसरा, आणि नाक एका बाजूने वर उचललं गेलं. तिथल्या झेंडीवाल्याने बघितलं आणि डबे आवरले. कुणाला काही झालं नाही. पण त्याने मोबाईलवर काढलेला फोटो मी बघितला. ते वर आलेलं नाक आणि त्याच्यापासून हातभर लांब थांबलेलं चाक.

नग परत आला. धाकट्या साहेबांनी मापं घेतली, घर मोठं निघालं. सगळे गोळा झाले. साहेब मला म्हणाले, "मावशी, कोरबॉक्स तपासा." मी तपासला, सगळ्यांसमोर. आणि कशाने तपासला? बाकावरच्या त्याच पट्टीने. ड्रॉइंगचा आकडा न् आकडा जुळला. मी छातीवर हात ठेवून सांगितलं, "कोरबॉक्स बरोबर आहे." मग राहिला कोण? कोर ठोकणारा. वाळू ओली असेल, ठोकणं ढिलं असेल, कोर फुगला असेल. होतं तसं कधीकधी, सगळ्यांना माहीत आहे. मोल्डर तिथेच उभा होता, हाताला वाळू लागलेली. तो एवढंच म्हणाला, "साहेब, वाळू तं मी नेमीसारकीच घेतली हुती." दुसऱ्या दिवशीपासून त्याला घरी बसवलं.

त्याच संध्याकाळी पट्ट्या पुसून खणात ठेवत होते. बोट खुणांवरून गेलं. एक, दोन. मग एका खुणेची पट्टी काढून कोरबॉक्स पुन्हा मोजला. सांगायला नको काय निघालं.

मी लगेच कुणाला सांगितलं नाही. चार दिवस नाही. पाचव्या दिवशी मोल्डरच्या घरी गेले, नागापूरला. म्हटलं, आधी ह्याला सांगू, मग साहेबांना. त्याची बायको दारात लसूण सोलत बसली होती. तिने मला आत बसवलं, चहा टाकला. तो आला, टॉवेलाला हात पुसत समोर बसला आणि मी तोंड उघडायच्या आत तोच सुरू झाला.

"ताई, मी लई इचार केला. त्या दिवशी आभाळ आल्तं. वाळू वल्ली आसंल. माजंच ध्यान न्हवतं."

"भाऊ, तसं नाही."

"न्हाई, न्हाई, तुमी बरूबर मापून दाखीवलं की. मी बगितलं ना डोळ्यानं. तुमच्या कामात खोट न्हाई निगायची, समदे सांगत्यात."

त्याची बायको म्हणाली, "ह्यांना मी म्हणते, कवातरी चुकतंय मानूस. पर ह्यांनी जेवनच सोडलंय." मग माझ्याकडे बघून, "तुमी सायबास्नी सांगा की ताई. तुमचं ऐकत्यात."

मी चहा प्यायले. चहात साखर जास्त होती. मी म्हटलं, सांगते. आणि उठले. नागापूरपासून बोल्हेगावपर्यंत चालत आले, रिक्षा दिसल्या तरी घेतली नाही. तो माणूस स्वतःच्या हातावर संशय घ्यायला लागलाय, मिस्त्री. त्याने वाळू मुठीत दाबून बघायचं सोडून दिलं तर तो मोल्डर राहील का? नोकरी दुसरी मिळेल. हात कुठून आणणार?

आता तुमचं माझं एक राहिलंय ते बोलू. तुम्हाला ती पुली आठवते. मी बाकावर येऊन वर्ष झालं होतं. पुलीच्या पॅटर्नमध्ये माझ्याकडून मधलं भोक एका बाजूला सरकलं आणि मी लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वरून रंग मारला. ओतून आल्यावर ती लंगडत फिरली. तेव्हाही मोल्डरवर गेलं. सोलापूर रोडकडून सायकलवर यायचा, गोरासा, कानात अत्तराचा फाया घालायचा, तो. मोठ्या साहेबांनी त्याला सगळ्यांसमोर झापलं आणि तुम्ही शेजारी उभे होतात. तुम्हाला माहीत होतं, कारण तुम्ही सकाळीच पॅटर्नवर नख मारून लांबी बघितली होती. मी तुमच्याकडे बघितलं, तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. संध्याकाळी तुम्ही तो पॅटर्न करवतीने कापलात, तुकडे शेगडीत घातलेत आणि त्यावर चहा केलात. मला म्हणालात, "तुझं नाव आलं असतं तर उद्या परत झाडू. त्याचं काय, त्याला दहा फाउंड्र्या आहेत." तो महिन्याभरात निघून गेला, कुठे ते मला माहीत नाही. आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही मला त्या दोन पट्ट्या दिल्यात, तुमच्या स्वतःच्या, खुणा केलेल्या.

तेव्हा मला वाटलं, केवढा देवमाणूस. लोकांत मी तसंच सांगत आले. आता वाटतं, तुम्ही मला वाचवलंत तेही खरं आणि मला बिघडवलंत तेही खरं. तुम्ही तेव्हा म्हणाला असतात, जा, सांग जाऊन, तर मी रडले असते, शिव्या दिल्या असत्या, कदाचित झाडूवर गेले असते. पण निदान तोंड उघडायची सवय झाली असती. फटकळ म्हणून माझी ख्याती आहे, दुसऱ्याच्या चुकीवर मी फाडकन बोलते. स्वतःच्या चुकीवर कसं बोलतात ते तुम्ही शिकवलं नाहीत, कारण बहुतेक तुम्हालाही येत नव्हतं. रागावू नका. रागावलात तरी आता काय करणार आहात.

शेवटी काल, शनिवारी, मी धाकट्या साहेबांच्या केबिनमध्ये गेले. बसा म्हणाले, मी बसले नाही. दोन्ही पट्ट्या टेबलावर ठेवल्या आणि सांगितलं. त्यांना समजायला दोन मिनिटं लागली नाहीत. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले.

"मावशी, रिपोर्ट लिहून झालाय. कोर फुगला असं लिहिलंय."

"मग खोडा."

"तसं नसतं. कोर फुगला म्हणजे एका नगाची गोष्ट, एका दिवसाची. कोरबॉक्स चुकला म्हटलं की ऑर्डर देणारे विचारणार, मापं तपासतं कोण तुमच्याकडे? एक मावशी, ज्यांना पट्टीवरचं वाचता येत नाही? पुढची ऑर्डर विसराच."

मला ते लागलं. लागावं म्हणून ते बोलले नव्हते, जे लोक म्हणतील तेच त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, "आणि मोल्डर?"

"मोल्डर बदलता येईल."

बोलून झाल्यावर त्यांनाच कसंतरी झालं. मग म्हणाले, "लेखी द्या. तुमच्या हाताने, सहीसह. सोमवारी सकाळी माझ्या टेबलावर असेल तर मी रिपोर्ट थांबवतो. नुसतं तोंडी सांगितलेलं मी वडिलांपुढे नेऊ शकत नाही." वाईट माणूस नाही तो. त्याला वाटत असेल, चौथी शिकलेली बाई, लिहिणार कुठली. किंवा खरंच वाटत असेल, लिहावं हिने. मला ओळखता आलं नाही.

तर सकाळपासून तो अर्ज लिहायला बसलेय. त्याच्या चार ओळी होत नव्हत्या, आणि तुम्हाला मात्र पानंच्या पानं लिहून झाली, बघा. तुम्ही ओरडणार नाही, म्हणून. हे काही तुम्हाला पोचणार नाही. वहीतून फाडून गादीखाली घालीन नाहीतर चुलीत. अर्ज शेवटी आत्ता, नळाला पाणी यायच्या आधी, झाला. कोरबॉक्स मी केला, पट्टी मॅंगनीजची घेतली ती चुकीची, मोल्डरची चूक नाही, मापं पुन्हा घ्यावीत. सही केली. माझी सही तुम्हाला माहीत आहे, अजून पहिलीतल्या पोरीसारखी.

पण त्यात एक राहिलंय, आणि ते मी साहेबांनाही सांगितलेलं नाही, मोल्डरलाही नाही. पहिलं नाक शॉपमध्ये बसवलं त्या दिवशी मोठे साहेब नारळ घेऊन उभे होते, सगळे फोटो काढत होते. फिटर पाना आणायला गेला तेवढ्यात मी नाक हाताने दाबून बघितलं. ते हललं. थोडंसंच, दात हलावा तेवढं. का हललं ते मला तेव्हा माहीत नव्हतं, पण हललं ते कळलं. मी पत्र्याचा एक तुकडा कापला, घट्ट वाटावं म्हणून फटीत सरकवला, आणि फिटर आल्यावर म्हटलं, आवळा. तो तुकडा सायडिंगवर खडीत कुठेतरी पडला असेल, कुणाला सापडला नाही. पट्टी चुकीची घेतली ती चूक. हा पत्रा चूक नव्हता, मिस्त्री. तो मी शुद्धीवर असताना घातला.

त्या पत्र्यासाठी अर्जात तिसऱ्या ओळीनंतर एक ओळ मोकळी सोडली आहे. कंपनीची गाडी सकाळी साडेसातला येते. ओळ अजून मोकळीच आहे.